नावडत्या कलेचें स्वातंत्र्य

कलेच्या स्वातंत्र्याविषयीं बोलणारांची आपणांकडे वाण नाहीं. परंतु ज्या कलेसाठीं ते बोलतात ती बहुधा त्यांच्या आवडीचीच असते. आवडत्या वस्तूच्या रक्षणास स्वार्थहि पुरतो. जी कला आपल्या कानांस कर्कश व मनास अशिष्ट वाटते, तिच्यासाठींहि आपण उभे राहावें काय, हा खरा नैतिक प्रश्न होय. त्याचा विचार करण्यास प्राग शहरांतील एका रॉक वाद्यवृंदाचा इतिहास फार उपयोगी पडेल असें आम्हांस वाटतें.

'प्लॅस्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स' हा वृंद १९६८ सालीं, चेकोस्लोव्हाकियावर ऑगस्टमध्यें परकी सैन्यें चालून आल्यानंतर थोड्याच काळानें, निघाला. मिलान ह्लावसा हा त्याचा प्रमुख संगीतकार, व इव्हान यिरौस हा कलेतिहासाचा अभ्यासक त्याचा मार्गदर्शक. न्यूयॉर्कच्या 'व्हेल्व्हेट अंडरग्राउंड' वृंदाचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता. या तरुणांस राज्यक्रांति करावयाची नव्हती; मनाजोगें गावयाचें होतें. १९७० सालीं त्यांचा धंद्याचा परवाना गेला, तेव्हां ते लग्नकार्याच्या निमित्तानें खेड्यांतून वाजवूं लागले. १९७६ च्या मार्चमध्यें धरपकड झाली, आणि सप्टेंबरांत यिरौस व त्याचे सोबती अशा चौघांस शांततेचा भंग केल्याबद्दल शिक्षा झाल्या. यिरौसच्या वांट्यास १८ महिने आले.

गाण्यांत ग्राम्य शब्द होते, हा त्यांच्यावरील मुख्य आक्षेप. सभ्यता राखणें समाजाचें कर्तव्य नव्हे काय, असें कोणी विचारील. आम्हांसहि सभ्यता प्रिय आहे. ज्यास गाणें ओंगळ वाटेल त्यानें उठून जावें, कडक टीका करावी, मुलांस दुसरें गाणें शिकवावें. परंतु टीका गाणाऱ्याशीं वाद घालते. बेडी तो वादच मिटवून टाकते. शिवाय ऐकणारे आपखुशीनें आले होते. मग शांतता भंगली ती कोणाची?

हें ओळखलें तें यान पातोच्का यांनीं. हुसर्ल यांचे हे शिष्य तेव्हां ६९ वर्षांचे होते, व त्यांचें आयुष्य तत्त्वज्ञानाच्या अभ्यासांत गेलें होतें. या तरुणांच्या बाजूनें त्यांनीं लेखणी उचलली. या खटल्यामुळें एकत्र आलेल्या मंडळींनीं जानेवारी १९७७ मध्यें 'चार्टर ७७' हें पत्रक काढलें. पातोच्का, नाटककार वाक्लाव हावेल व यिर्झी हायेक हे त्याचे पहिले प्रवक्ते. पोलिसांच्या दीर्घ चौकशीनंतर मार्चमध्यें पातोच्का वारले. हावेल १९८९ च्या डिसेंबरांत राष्ट्राध्यक्ष झाले; पण त्या विजयामुळें पातोच्कांची बाजू न्याय्य ठरली असें नव्हे. यशाची कांहींच आशा नव्हती, त्या दिवशींहि ती तितकीच न्याय्य होती.

घरोघर वडील मंडळी मुलांच्या संगीतास नाक मुरडतात. त्यांनीं खुशाल मुरडावें. मात्र तें गाणें बंद पाडण्यास कोणी दंडुका घेऊन आला, तर दारांत आडवें उभें राहण्याचें काम प्रथम त्यांचेंच आहे; कारण त्यांच्या बोलण्यांत आवडीचा पक्षपात आहे असें कोणासहि म्हणतां येणार नाहीं.