ज्याचा त्याचा डबा

मित्रमंडळींनी एका घरी जमावे, प्रत्येकाने आपापल्या घरून एखादा पदार्थ करून आणावा आणि सर्वांनी मिळून जेवावे, या रीतीला अलीकडे ‘पॉटलक’ असे नाव पडले आहे. इंग्रजीत या शब्दाचा जुना अर्थ थोडा निराळा होता. अवचित आलेल्या पाहुण्याला त्या दिवशी हंडीत जे असेल ते मिळायचे, आणि तेच त्याचे नशीब! आपल्याकडे अंगतपंगत हा शब्द पूर्वीपासून आहे. शाळेच्या मधल्या सुट्टीत, शेताच्या बांधावर, आगगाडीच्या डब्यात फडकी सोडून गोल करून बसणे मराठी माणसाला कोणी शिकवावे लागत नाही. नाव नवे असले तरी चाल जुनी आहे, आणि तिच्यासोबत येणारा पेचही जुनाच आहे.

हिंगोलीहून नांदेडला जाणाऱ्या रस्त्यावर कळमनुरी हे तालुक्याचे गाव लागते. अशा गावी बदलीवर आलेले शिक्षक, बँकेतले कर्मचारी, आदिवासी विकास प्रकल्पाच्या कार्यालयातली माणसे आणि हळद पिकवणारे स्थानिक शेतकरी यांचा स्नेह जुळतो. मग हिवाळ्यातल्या एखाद्या संध्याकाळी कोणाच्या तरी गच्चीवर सतरंज्या अंथरल्या जातात. यजमानाने वरणभात आणि पाणी पाहायचे; बाकी कोणी धपाटे आणि दही आणते, कोणी येसराची आमटी, कोणी अंबाडीची भाजी, कोणी बिर्याणीचे पातेले. १९७७ साली स्थापन झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांतात मराठवाडा येतो. पण तिथल्या लहान गावांत कॅथलिक घर एखाददुसरेच. त्यामुळे तिथल्या अशा पंगतीत आपले माणूस बहुधा एकटेच असते आणि सभोवती नाना जातिधर्मांचे स्नेही असतात. वसईच्या वाडीत, जिथे शेजारच्या दहा चुलींवर साधारण एकच कालवण शिजते, तिथे हा प्रश्न सहसा डोके वर काढत नाही. म्हणून आम्ही तो मुद्दाम कळमनुरीच्या गच्चीवरून पाहत आहोत.

प्रश्न असा: अशा जेवणात अन्न कोणाचे असते?

एरवीच्या पाहुणचारात हे ठरलेले असते. अन्न यजमानाचे; पाहुणा घेणारा. घेणाऱ्यावर उपकाराचे ओझे राहते, देणाऱ्याला मोठेपणा मिळतो आणि पुढच्या खेपेला उलट बोलावणे करून ते ओझे उतरवले जाते. अंगतपंगतीत ही देवघेव संपते, सगळे सारखे होतात, असे वरवर दिसते. यजमानीणबाई दिवसभर चुलीपुढे उभ्या राहत नाहीत, हा लाभ तर अगदी खरा, आणि आमच्या मते तोही नैतिकच आहे. परंतु यजमानाच्या ताटातले सगळे पदार्थ एकाच घराचे असतात. इथे प्रत्येक भांडे स्वतःच्या घराचे नाव घेऊन येते. ‘हे कोणी आणलं?’ हा पंगतीतला पहिला प्रश्न असतो. कोणाचा डबा आधी संपला आणि कोणाचा तसाच राहिला, हे तोंडाने कोणी बोलत नाही. पण घरी परतताना ज्याच्या हातातले भांडे जड असते त्याला ते ठाऊक असते.

ख्रिस्तसभेच्या आरंभकाळात हाच पेच करिंथ शहरात उभा राहिला होता. इसवी सन ५० नंतरच्या काही वर्षांत संत पौलाने तिथल्या श्रद्धावंतांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय आपण पवित्र गुरुवारी ऐकतो तो प्रभुभोजनाच्या स्थापनेसाठी. त्याच्या मागचापुढचा मजकूर मात्र आपल्या कानावरून निसटतो. तो मजकूर एका बिघडलेल्या अंगतपंगतीविषयी आहे. तेव्हा चर्चच्या इमारती नव्हत्या. एखाद्या सुस्थितीतल्या सभासदाच्या घरी सारे जमत. रोमन धाटणीच्या जेवणघरात कोचांवर रेलून जेमतेम नऊ माणसे जेवत. बाकीच्यांना अंगणात जागा. सवडीची माणसे लवकर येत आणि आपापले आणलेले अन्न खायला लागत. दास आणि मोलमजूर, ज्यांचा दिवस त्यांच्या हातचा नव्हता, ते काम संपवून पोहोचत तेव्हा कोणी पिऊन तर्र झालेला असे आणि यांच्या वाट्याला भूक उरे.

पौल त्यांच्यावर संतापला, पण त्याने पंगत बंद करा म्हटले नाही आणि श्रीमंतांना जास्त डबे आणण्याचा दंडही केला नाही. एकमेकांसाठी थांबा, एवढेच सांगितले. आणि भूक धरवतच नसेल तर घरी खाऊन या. आम्हाला या उपायाचा साधेपणा फार मोलाचा वाटतो. ज्याचा डबा तोच खात बसला तर ती पंगत नव्हे, एका छपराखाली चाललेली दहा निरनिराळी जेवणे आहेत. आणि जो नसलेल्यांना लाजवतो तो प्रभूच्या शरीराचाच अपमान करतो, इथपर्यंत पौलाचा सूर चढलेला आहे.

कळमनुरीच्या दोन्ही बाजूंना या पेचाची दोन उत्तरे फार जुन्या काळापासून नांदत आहेत. एकीकडे, हिंगोलीच्या पलीकडे कयाधू नदीच्या काठी, नरसी हे गाव संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. नामदेव ज्या परंपरेचे, त्या वारकऱ्यांचा उत्सव काल्याने संपतो. गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या सोडल्या आणि कृष्णाने त्या एकत्र कालवल्या, ही त्यामागची कथा. कालवल्यावर कोणाची भाकर कुठली हे कोण सांगणार? दुसरीकडे नांदेड. तिथे १७०८ साली गुरू गोविंदसिंगांचे निर्वाण झाले; आज तिथल्या गुरुद्वारात लंगर चालतो. कणीक कोणी दिली आणि पोळी कोणी लाटली हे खाणाऱ्याला कळत नाही आणि कळायची गरज नसते. दोन्हीकडे देणाऱ्याचे नाव पुसले जाते. मात्र काल्याची कथा सांगणाऱ्या पंढरीतच चोखोबांना मंदिराच्या पायरीपाशी थांबावे लागले आणि ते दार दलितांना उघडण्यासाठी १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावे लागले, हेही विसरता येत नाही. नुसत्या कथेने माणूस बदलत नाही.

आणि गच्चीवरची पंगत हे काही देऊळ नाही. तिथे बिर्याणीत खीर कालवा असे कोणी सांगू लागला तर पुढच्या खेपेला त्याला बोलावणार नाहीत! नावे राहणारच. मग न उघडलेल्या भांड्याचे काय करावे?

‘आज माझा उपवास आहे’, ‘पोट जरा बरं नाही’, ‘आधीच फार झालं’, अशी सभ्य वाक्ये आपण सर्वांनी ऐकलेली आहेत. त्यातली काही खरी असतात. माळकरी मांसाला शिवत नाही, जैन कांदालसूण टाळतो, मुसलमान डुकराचे मांस वर्ज्य मानतो. आपणही राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार पाळतो. काय खावे याबद्दल ज्याचा त्याने घातलेला निर्बंध आदरणीयच आहे. दुबळ्या विवेकबुद्धीच्या भावाला अडखळण होऊ नये म्हणून आपण मांस सोडायला तयार आहोत, असे पौलच त्याच पत्रात लिहितो. परंतु एखादा गृहस्थ एका घरचे वरण आवडीने भुरकतो आणि तसेच वरण दुसऱ्या घरून आले की त्याला उपवास आठवतो, तेव्हा त्याने पदार्थ नाकारलेला नसतो, तो करणारा हात नाकारलेला असतो. ही दोन नकारांची सरमिसळ आपल्या समाजात इतकी सराईत झाली आहे की नाकारणाऱ्यालाही कधीकधी आपण काय नाकारले ते उमगत नाही.

या बाबतीत आपण दुसऱ्याकडे बोट दाखवण्याच्या जागी नाही. अंत्युखियात खुद्द पेत्र परराष्ट्रीयांच्या पंगतीत जेवत होता आणि यरुशलेमहून माणसे येताच हळूच बाजूला सरकला. पौलाने त्याला तोंडावर सुनावले. तामिळनाडूतल्या वडक्कनकुलमच्या चर्चमध्ये जातीजातींना अलग बसवणारी भिंत होती. एका वेदीपुढे गुडघे टेकणारी माणसे तिच्या दोन बाजूंना होती.

डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली, लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने रद्द केलेल्या आपल्या भाषणात, नुसत्या सहभोजनाने जात मरत नाही असे स्पष्ट मांडले होते. ते खरे ठरले आहे. सहभोजनाचे समारंभ झाले, छायाचित्रे निघाली आणि मंडळी आपापल्या घरी गेली. जाहीरपणे ‘त्यांच्या’ हातचा घास घेणाऱ्याकडे सगळे पाहतात, तेव्हा ज्याच्या भांड्यातला तो घास असतो त्याला आपण पुन्हा एकदा वेगळे असल्याचे कळते. म्हणून यजमानाने उठून, सर्वांदेखत, न उघडलेले भांडे उघडावे आणि वाहवा करत खावे, हा उपाय आम्हाला पसंत नाही. त्यात त्या घराचा मान राखल्यासारखे दिसते, पण चर्चा यजमानाच्या औदार्याची होते.

यजमानाचे खरे काम त्याआधीच झालेले असते. सर्व भांडी आत घ्यावीत आणि घरच्याच वाडग्यांत काढून पंगतीत यावीत. वाढणाऱ्याने काय आहे, त्यात मांस किंवा कांदालसूण आहे का, एवढे सांगावे, कोणाचे ते सांगू नये. मांसाहाराची पळी वेगळी असावी, बैठक वेगळी नसावी. ज्याला महिनाअखेरीस काही करून आणणे जड जाते, त्याला ‘तुम्ही काही आणू नका’ असे दयेने सांगू नये. लिंबे आणा, पत्रावळी आणा, लवकर या आणि चूल पेटवायला हात लावा, असे सांगावे. योहानाच्या शुभवर्तमानातल्या मुलाजवळही जवाच्या पाच भाकरी होत्या, आणि जव हे गरिबांचे धान्य. त्या प्रसंगी लोकांनी आपापली लपवलेली शिदोरी बाहेर काढली आणि म्हणून सर्वांना पुरले, असा अर्थ काही जण लावतात. आम्हाला तो पटत नाही; त्याने चमत्कार फार स्वस्त होतो. पण त्या मुलाला त्याच्या पाच भाकरींचे हसू कोणी होऊ दिले नाही, एवढे त्या कथेत निश्चित आहे.

राहता राहिली भांडी. शेजारचे भांडे रिकामे परत करू नये, चिमूटभर साखर तरी घालून द्यावी, ही आपल्या घराघरांतली रीत. अंगतपंगतीनंतर रात्री घासलेली पातेली ओट्यावर उपडी असतात, तेव्हा यजमानीणबाई प्रत्येकात दुसऱ्या कोणाच्या तरी घरचे उरलेले थोडे थोडे घालून देतात. माळकऱ्याच्या डब्यात खीर जाते, खीर आणणाऱ्याच्या डब्यात येसराची आमटी जाते. सकाळी ती आमटी कोण गरम करून खातो आणि कोण मागच्या दारी ओतून देतो, हे मात्र गच्चीवरून दिसत नाही.