लिंग, प्रमाण आणि प्रथमपुरुष

‘लिंग’ या शब्दाचा एक जुना अर्थ ‘खूण’ असा आहे. न्यायदर्शनात धूर हे अग्नीचे लिंग ठरते ते याच अर्थाने. जे प्रत्यक्ष दिसत नाही त्याचे अनुमान जिच्यावरून करावयाचे, ती खूण म्हणजे लिंग. मराठी व्यवहारात मात्र शरीराचा अवयव, व्याकरणातील कोटी आणि सरकारी अर्जातील रकाना या तिन्हींना हा एकच शब्द पुरतो. परिणामी खूण आणि तिने सूचित होणारी वस्तू यांतील भेद पुसला जातो. पारलिंगी व्यक्ती ओळखपत्रावरील लिंगनोंद बदलून मागते, तेव्हा उद्भवणारा नैतिक प्रश्न या पुसल्या गेलेल्या भेदाशीच निगडित आहे. माणसाच्या लिंगभावाविषयी प्रमाण कशाला मानावयाचे?

मराठी व्याकरणाचे उत्तर सरळ आहे. ‘मी येईन’ या रूपात लिंग दिसत नाही. परंतु ‘येतो’ किंवा ‘येते’ म्हटल्याशिवाय साधा निरोपही घेता येत नाही. येथे बोलणारा आपले लिंग स्वतःच सांगतो आणि ऐकणारा त्याचा दाखला मागत नाही.

15 एप्रिल 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘नालसा’ खटल्यात हीच भूमिका घेतली. ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी या खटल्यात हस्तक्षेपक होत्या. आपले लिंग ठरविण्याचा अधिकार त्या त्या व्यक्तीचा असून त्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरणे अनैतिक व बेकायदा आहे, असे न्यायालयाने म्हटले. 2019 च्या कायद्याने मात्र या अधिकाराची फाळणी केली. 2020 च्या नियमांनुसार ‘पारलिंगी’ अशा नोंदीसाठी जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे दिलेले प्रतिज्ञापत्र पुरेसे ठरले; ट्रॉम्ब्यातील अर्जदारासाठी हा अधिकारी म्हणजे मुंबई उपनगर जिल्ह्याचा, वांद्र्यात बसणारा. ‘स्त्री’ वा ‘पुरुष’ अशा नोंदीसाठी मात्र शस्त्रक्रियेचा वैद्यकीय दाखला आवश्यक मानला गेला. म्हणजे एका नोंदीपुरते शब्दप्रमाण, तर उरलेल्या दोन नोंदींना पुन्हा अनुमान, तेही शरीराच्या खुणेवरून. स्त्री म्हणून भरती झालेले बीड जिल्ह्यातील पोलीस शिपाई ललित साळवे यांना 2018 साली पुरुष म्हणून सेवेत राहता आले, तेही मुंबईत शस्त्रक्रिया झाल्यानंतरच.

यावर आक्षेप असा की भरती, आरक्षण, तुरुंग यांची व्यवस्था पाहणाऱ्या राज्यसंस्थेला केवळ शब्दावर कसे विसंबता येईल? आक्षेप क्षुल्लक नाही. पण त्यात दोन प्रश्नांची सरमिसळ आहे. ‘ही व्यक्ती तीच आहे काय?’ हा पहिला. त्याचे उत्तर बोटांचे ठसे, छायाचित्र, जुना क्रमांक यांवरून त्रयस्थाला देता येते, आणि द्यावेही. ‘ही व्यक्ती कोण आहे?’ हा दुसरा. येथे त्रयस्थाजवळ केवळ खुणा असतात. साक्ष एकाचीच असते. ती साक्ष खोटी असू शकते हे खरे. परंतु खोट्या प्रतिज्ञापत्राला शिक्षा आहेच. शिक्षा अपराधानंतरची असते. येथे संशय मात्र आधीच गृहीत धरला जातो, आणि त्याची किंमत शरीराने चुकवावी लागते.

शाळा सोडल्याचा दाखला एक सांगतो, आधारपत्र दुसरे, आणि समोर उभी असलेली व्यक्ती तिसरे. अशा वेळी बँकेच्या खिडकीवर संशय घेतला जातो तो व्यक्तीवर, कागदांवर नव्हे. प्रमाणपत्र हे प्रमाण नोंदवून ठेवण्यासाठी असते. ते स्वतःच प्रमाणाच्या जागी बसले की ज्याची नोंद करावयाची, तोच माणूस अप्रमाण ठरतो.