देणाऱ्याची मान

आमच्या चांदनी गावाला पाहुणे आले की त्यांना असीरगड पाहायचा असतो. मी दाखवतो. 1601 मध्ये अकबरानं हा किल्ला फारुकींकडून घेतला, पुढं मराठ्यांकडं आला, 1819 मध्ये इंग्रजांनी शिंद्यांकडून घेतला. ज्याच्या हाती किल्ल्या, त्याला वाटायचं, मालक मीच.

मग मी त्यांना बुऱ्हाणपूरच्या कुंडी भंडाऱ्यात नेतो. सुमारे ऐंशी फूट खाली उतरलं की उन्हाची आठवणही राहत नाही. भिंतींवर क्षारांची पांढरी पुटं आणि पायाशी संथ सरकणारं नितळ पाणी. सातपुड्यात मुरलेलं पाणी बोगद्यातून उताराउतारानं शहराकडं येतं. मोटर नाही, पंप नाही. 1615 च्या सुमारास, जहांगीराच्या अमलात, खानखाना अब्दुर्रहीमनं हे काम करवलं असं सांगतात. पाणी डोंगराचं, माणसानं फक्त वाट करून दिली.

रहीम दान देताना मान खाली घालायचा, अशी आख्यायिका आहे. कुणीतरी कारण विचारलं. त्यानं सांगितलं, देणारा वेगळाच आहे, लोक उगाच मला देणारा समजतात, त्याची लाज वाटते.

पण हाच रहीम शाहजहानच्या बंडात सापडला, बादशहा जहांगीराच्या मर्जीतून उतरला, कैदेत पडला. 1625 मध्ये त्याचा मुलगा दाराब मारला गेला. पुढं मानमरातब परत मिळाले, तेही बादशहाच्याच मर्जीनं. माणसानं दिलेलं माणूस काढून घेतो, हे त्याच्याइतकं कुणाला कळलं असेल?

मी पंचायतीत पंच होतो. नळाला पाणी आलं की म्हाताऱ्या म्हणायच्या, ‘भाऊ, तुमच्यामुळं आलं हो.’ ऐकायला गोड वाटायचं. तेव्हा रहीम आठवला की बरं असतं.

मात्र यात एक पळवाटही आहे. मोटर जळाली, दुरुस्ती महिनाभर लांबली, की हाच पंच हात जोडून म्हणतो, ‘देवाची मर्जी!’ ही नम्रता नव्हे, ही चलाखी. देव सर्वांचा धनी आहे असं खरंच मानणाऱ्याला तर जास्त भ्यायला हवं, कारण ग्रामसभेत थाप खपेल, देवापुढं खपणार नाही. पाणी आलं तर देवाचं नाव घ्यावं. नाही आलं, तर उभं राहून आपलं नाव सांगावं आणि मिस्त्री कधी येणार तेही.