अतिउत्साही कोण?

विसर्जनाच्या रात्री फटाक्याने आमच्या खिडकीची काच फुटली. दुसऱ्या दिवशी मंडळाचे अध्यक्ष घरी आले. "काका, पोरं जरा अतिउत्साही झाली," एवढं बोलून, चहा घेऊन ते गेले. हे वाक्य मी वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षं वाचतो आहे. सभेत खुर्च्या मोडल्या, कुणाचं कार्यालय फोडलं, की संध्याकाळी खुलासा येतो: काही अतिउत्साही कार्यकर्त्यांकडून हा प्रकार घडला. गुन्हा झाकून गुण तेवढा दिसावा, असा हा बेतीव शब्द आहे.

याला पाठबळ मिळतं ते आपल्या समंजस स्तंभलेखकांकडून. उत्साह चांगलाच, अतिरेक वाईट, अति तेथे माती, असं ते समजावतात. म्हणजे त्यांच्या लेखी मामला केवळ प्रमाणाचा. दूध तापलं तर छान, जास्त तापलं की उतू गेलं. आच कमी केली की पुन्हा दूधच. पण नासलेल्या दुधाचं काय? त्याची आच कितीही कमी करा. काच फोडणाऱ्या पोराचा उत्साह निम्मा केला असता तर त्याने काय केलं असतं, अर्धी काच फोडली असती?

शब्दाकडेच पाहू. उत्साह हा 'सह्' धातूचा, सहन करणे, टिकून राहणे या घरातला. उन्माद 'मद्' धातूचा. व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे, हे मान्य. असे खेळ करून काहीही सिद्ध करता येतं, हेही मान्य. पण भरताच्या नाट्यशास्त्रातही हीच फाळणी आहे, आणि तिथे तो शब्दांशी खेळत नव्हता. उत्साह हा वीररसाचा स्थायीभाव. उन्माद 33 व्यभिचारी भावांपैकी एक, म्हणजे येणारा आणि ओसरून जाणारा. वीराची लक्षणं सांगताना भरत शौर्याबरोबर स्थैर्य आणि धैर्यही मोजतो. युरोपातही यावर पुष्कळ शाई खर्च झाली. तत्त्वज्ञ लॉकने आपल्या ग्रंथाच्या 1700 च्या आवृत्तीत उत्साहावर एक अख्खं प्रकरण वाढवलं, ह्यूमने 1741 मध्ये निबंध लिहिला. पण त्यांच्यासमोर साक्षात्काराचा दावा करणारे धर्मवेडे होते. आपल्यासमोर आहेत वर्गणीचं पुस्तक घेतलेले. गर्दीच्या मानसशास्त्राचा आधार घेणाऱ्यांना एवढंच विचारतो, की त्याच गर्दीतली बाकीची माणसं घरी काच न फोडता कशी गेली?

माझी कसोटी एकच आहे: कंटाळा. कंटाळवाण्या कामात जो टिकतो तो उत्साह. आमच्याच गल्लीतली एक मुलगी ढोलपथकात आहे. दोन महिने रोज संध्याकाळी नदीपात्रात तोच ठेका, कमरेला करकचून बांधलेला ढोल, एका हातात टिपरू, दुसऱ्या हाताच्या बोटांना चिकटपट्ट्या. (आवाजाबद्दल माझी तक्रार आहे, पण ती वेगळी.) फर्ग्युसनमधले तास संपवून हिंगण्याच्या आश्रमापर्यंत पायपीट करणारे धोंडो केशव कर्वे, माळ्यांवरची दप्तरं धुंडाळत गावोगाव फिरून इतिहासाच्या साधनांचे 22 खंड काढणारे राजवाडे, ही याच जातीची माणसं. राजवाडे तर कमालीचे तापट. तरीही त्यांना अतिउत्साही म्हणावं असं कुणाला सुचत नाही. लोक म्हणतात, वेड होतं. मराठीत 'वेड' हा शब्द आदराने उच्चारता येतो; 'खूळ' येत नाही, कारण खूळ डोक्यातून जातं. बोलणाऱ्यांना हा फरक शास्त्राशिवाय कळतो. तो लिहिणाऱ्यांनाच कळत नाही, असं कधीकधी वाटतं.

आणि म्हणून, थोडं हट्टाने म्हणतो, अतिउत्साह नावाची चीजच नाही. टिकून राहणं जास्त झालं, असं कसं होईल? एखादा चुकीच्या कामातही चिकाटीने टिकेल, हा आक्षेप खरा आहे. पण मग ते काम वाईट म्हणा, उत्साहाला का बदनाम करता?

वृत्तपत्रांतल्या उपसंपादक मित्रांना एक विनंती. पुढच्या वेळी खुलाशात 'अतिउत्साही कार्यकर्ते' आले, तर विशेषण कापा आणि क्रियापद ठेवा. कार्यकर्त्यांनी काच फोडली, एवढंच छापा.