दुसऱ्याच्या कमेंटची माफी

समजा, तुम्ही स्वतःचा एक फोटो टाकलात. त्याखाली कुणीतरी, ज्याला तुम्ही ओळखतही नाही, काहीतरी भयंकर लिहून गेला. तासाभरात लोक त्याला सोडून तुम्हालाच धारेवर धरतात, "हे तुझ्यामुळे झालं ना?" माफी मागाल? आणि मागितलीत, तर नेमकी कशाची?

हा प्रश्न माझ्या डोक्यात बसला तो रहामा सदाऊमुळे. नायजेरियाच्या उत्तर भागात हौसा भाषेत जो सिनेमा बनतो, त्यातली ही मोठी अभिनेत्री. कादुना शहरात १९९३ साली जन्मलेली. तुमच्यापैकी काहींनी तिला पाहिलंही असेल. २०२२च्या 'खुदा हाफिज : चॅप्टर २' या हिंदी सिनेमात तिची छोटी भूमिका होती.

हौसा सिनेमाचं मुख्य केंद्र कानो, म्हणून त्याचं नाव कॅनीवुड. त्यातली गाणी यूट्यूबवर लावा, एकदम घरचं काहीतरी पाहतोय असं वाटेल. कारण आहे. कानोतल्या लेबनीज थिएटरमालकांनी १९५०च्या दशकापासून हिंदी सिनेमे आणले आणि तिथल्या पिढ्या त्यांवर वाढल्या. 'मदर इंडिया' तर कित्येक दशकं तिथे पुन्हापुन्हा लागत राहिला. फक्त एक फरक चटकन डोळ्यांत भरतो : इथे नायक-नायिका गातात, नाचतात, पण एकमेकांना हात लावत नाहीत.

हा नियम साधा नाही. २००० साली कानोत शरिया कायदा आला, पुढच्या वर्षी राज्याचं सेन्सॉर मंडळ आलं. २००७मध्ये एका अभिनेत्रीचं खासगी मोबाइल चित्रण बाहेर फुटलं, तेव्हा कानोतली शूटिंग सहा महिने बंद ठेवण्यात आली. एका व्यक्तीच्या खासगी गोष्टीपायी लाइटवाल्यापासून शिंप्यापर्यंत सगळ्यांची चूल विझू शकते, हे त्या इंडस्ट्रीने तेव्हा शिकून घेतलं.

रहामा २०१३मध्ये आली, कॅनीवुडचा बादशहा अली नुहू याच्याबरोबर. तीन वर्षांत नाव झालं. मग ऑक्टोबर २०१६मध्ये क्लासिक नावाच्या रॅपरच्या एका म्युझिक व्हिडिओत तिने त्याचा हात धरला, त्याला मिठी मारली. तेवढ्यावरून निर्मात्या-कलाकारांच्या संघटनेने तिला बाहेर काढलं. तिचं म्हणणं सरळ होतं : अभिनय करायचा म्हटला की निरागस स्पर्श होणारच. पुढच्या वर्षी तिने स्वतःची कंपनी काढून 'रारिया' हा सिनेमा केला (हौसात रारिया म्हणजे चाळण). पुढे तिने माफी मागितली आणि २०१८मध्ये बंदी उठली.

मला ती शिक्षा अतोनात वाटते. पण तिच्यामागचा हिशोब निदान कळतो. मिठी तिने मारली होती, नियम तिला ठाऊक होता, जाब तिलाच विचारला गेला. नियम चूक की बरोबर, यावर भांडता येतं.

नोव्हेंबर २०२०मध्ये घडलं ते वेगळं. तिने पाठ उघडी दिसणाऱ्या ड्रेसमधले फोटो टाकले. त्याखाली कुणीतरी प्रेषितांचा अपमान करणारी कमेंट केली. संतापाचा सगळा रोख वळला रहामावर. पोलिसांकडे तक्रार गेली, संघटनेने पुन्हा संबंध तोडले. तिने फोटो काढले, व्हिडिओ टाकून माफी मागितली. हे नुसतं ट्रोलिंग नव्हतं. तीनच महिन्यांपूर्वी कानोच्या शरिया न्यायालयाने व्हॉट्सॲपवर फिरलेल्या गाण्यावरून एका तरुण गायकाला मृत्युदंड सुनावला होता. (पुढे वरच्या न्यायालयाने खटला नव्याने चालवायला सांगितलं.) त्या हवेत मीही माफी मागितली असती, पहिल्या तासात.

मग या माफीचं काय करायचं? ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्सने १९७६च्या 'मॉरल लक' या निबंधात एका लॉरी ड्रायव्हरचं उदाहरण दिलंय. त्याची काहीही चूक नसताना त्याच्या गाडीखाली एक मूल सापडतं. त्याला जे वाटतं, ते रस्त्यावर उभ्या बघ्याला वाटणाऱ्या हळहळीसारखं नसतं, कारण गाडी तो चालवत होता. तो खांदे उडवून निघून गेला तर आपल्यालाच विचित्र वाटेल. म्हणजे दोष नसूनही पश्चात्ताप असू शकतो, आणि तो असणं माणूसपणाचं लक्षण आहे.

रहामालाही तसं काही वाटलं असेल, हे मी मान्य करतो. पण विल्यम्सच्या उदाहरणात भोवतीच्या लोकांनाही एक काम आहे : ड्रायव्हरला सांगायचं की बाबा, तुझा दोष नाही. इथे तेच लोक वसुलीला आले. आणि लॉरी तरी तो स्वतः चालवत होता. कमेंट टाइप करणारा अंगठा रहामाचा नव्हता.

"पण एवढ्या मोठ्या स्टारला कळायला नको का, असं काही होईल म्हणून?" हा मुद्दा मला आपल्याकडेही सतत ऐकू येतो, मुलींच्या फोटोंबाबत तर हमखास. तो मानला तर माझ्या वागण्याची हद्द कोण ठरवणार? माझे फोटो बघणाऱ्यांतला सगळ्यात वाईट माणूस. तो जितका खालच्या पातळीला जाईल, तितकी माझी जबाबदारी वाढणार. हे मला मुळीच पटत नाही.

यावर "तिथली संस्कृतीच तशी" म्हणून मोकळं होता येत नाही. अँथनी कर्क-ग्रीन या अभ्यासकाचं 'मुतुमिन किर्की', म्हणजे हौसा विचारातला सज्जन माणूस, या विषयावरचं व्याख्यान १९७४मध्ये प्रसिद्ध झालं. त्याने सांगितलेल्या गुणांत 'कुन्या' आहे : लाज, संकोच, मर्यादा. रहामाविरुद्ध हाच गुण पुढे केला गेला. पण त्याच यादीत सत्य आहे, न्याय आहे, आणि 'हाकुरी' आहे, म्हणजे धीर, आपल्या भाषेत सबुरी. आणि यादीतला एकही गुण फक्त बायकांसाठी राखून ठेवलेला नाही. कुन्या जर उघड्या पाठीला लागू असेल, तर कमेंट लिहिणाऱ्याला आणि तिच्यावर तुटून पडणाऱ्यालाही लागू आहे.

गंमत म्हणजे हौसात माफी मागताना हाच शब्द वापरतात. 'आ यि हाकुरी', शब्दशः अर्थ "सबुरी धरा". मागणारा आपलं मागतो, पण क्रियापद ऐकणाऱ्याच्या वाट्याला येतं. काही करायचं असतं ते त्याने. रहामाने माफी मागितली तेव्हा भाषेच्या हिशोबाने चेंडू गर्दीकडे गेला होता.

त्या संघटनेची भीती मला खोटी वाटत नाही. २००७ कुणी विसरलं नसणार. तरी तिला तोडण्याऐवजी त्यांना दोन ओळींचं पत्रक काढता आलं असतं : कमेंट तिची नाही. आ यि हाकुरी.