अकरा नावं

फेब्रुवारी २०११. जनगणनेचं काम आम्हा प्राथमिक शिक्षकांच्या वाट्याला नेहमीप्रमाणं आलं होतं. शाळा सुटली की खांद्याला पिशवी अडकवायची आणि नेमून दिलेल्या गटातली घरं करायची. अशाच एका घराच्या ओसरीवर बसून मी कुटुंबाचा तक्ता भरत होतो. घरधनी माहिती सांगत होता. बायकोच्या नावापुढं साक्षर की निरक्षर असं विचारलं, तेव्हा तो हसून म्हणाला, "तिला कुठलं लिवाय-वाचाय येतंय, गुरुजी? निरक्षरच टाका."

चाळिशीची ती बाई पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली होती. तांब्या खाली ठेवला, पण आत गेली नाही. "गटाची वही माझ्याकडंच असती," एवढंच म्हणाली.

मी वही मागितली. शंभर पानी, कोपऱ्याला हळदीचा डाग. डावीकडं बचत गटातल्या अकरा बायकांची नावं, पुढं महिन्यांचे रकाने. बोट ठेवत तिनं सगळी नावं वाचली. कुणाचे दोन हप्ते थकलेत, कुणी शेळीसाठी कर्ज घेतलंय, त्याचं व्याज किती झालं, सगळं आकड्यांवर बोट ठेवून सांगितलं. क्रमानं पाठ असतील म्हणून मी नावं खालून वर विचारली. तीही बरोबर. मग माझ्याजवळची सूचना पुस्तिका उघडून त्यातली एक ओळ तिच्यापुढं धरली. पहिला शब्द तिनं अक्षर अक्षर जुळवून लावला, दुसऱ्यात अडली, आणि वही मिटत म्हणाली, "आमची नावं आन् आकडं येत्यात. बाकीचं न्हाई."

मी 'निरक्षर' लिहिलं. नियमाला धरून ते बरोबरच होतं. तिचं नाव, गाव इथं सांगत नाही. घरोघरी मिळालेली माहिती गुप्त ठेवायची, असं १९४८ चा जनगणना कायदाच सांगतो. पण ती वही मात्र तेव्हापासून डोक्यातून गेलेली नाही.

आपल्या जनगणनेची व्याख्या वाचायला सोपी आहे. कोणत्याही भाषेत समजून वाचता आणि लिहिता येणारी, सात वर्षांवरची व्यक्ती साक्षर. नुसती सही येणं पुरत नाही. वाचता येतं पण लिहिता येत नाही, तेही पुरत नाही. शाळेत गेलंच पाहिजे अशी अट नाही. ब्रेल वाचणारा अंध माणूस साक्षर. सहा वर्षांचं पोर घडाघडा वाचत असलं तरी निरक्षर. या व्याख्येत माझी आजीही बसली नसती. श्रावणात ती 'पांडवप्रताप' वाचायची, ओळीखाली बोट सरकवत, मान हलवत. त्यातलं किती वाचलेलं आणि किती पाठ होतं, हे तिलाही सांगता आलं नसतं. हातात पेन्सिल तिनं आयुष्यात धरली नाही. आलेलं पोस्टकार्ड ती दुसऱ्याकडून वाचून घ्यायची, कारण पोथीतलं ठसठशीत अक्षर वेगळं आणि मामाचं गिचमीड अक्षर वेगळं.

ही व्याख्या पहिल्यापासून अशी नव्हती. १८८१ साली देशभर एकाच वेळी पहिली शिरगणती झाली, तेव्हा माणसांचे दोन नव्हे, तीन वर्ग होते: शिकलेले, न शिकलेले आणि शिकत असलेले. १८९१ लाही तेच. १९०१ ला 'शिकत असलेले' हा वर्ग गाळला गेला आणि लिहिता-वाचता येतं की नाही, एवढाच प्रश्न उरला. 'शिकत असलेले' म्हणजे तेव्हा शिक्षण घेत असलेले लोक. त्यांत माझी वहीवाली बाई बसली नसती, हे मला कळतं. तरीही तो खाना गेल्याची चुटपुट लागते. येतं आणि येत नाही यांच्या मधोमध उभ्या असलेल्या माणसाला कागदावर जागा असू शकते, एवढं तरी तो खाना कबूल करत होता.

१९११ च्या गणतीत कसोटी आणखी स्पष्ट झाली. मित्राला पत्र लिहिता आलं पाहिजे आणि त्याचं आलेलं उत्तर वाचता आलं पाहिजे. ही कसोटी मला फार आवडते. तिच्यात दुसरा माणूस आहे. अक्षरओळख कशासाठी, तर दूरच्या माणसाशी बोलण्यासाठी, असं ती न बोलता सांगते. इंग्लंडात तोवर वेगळंच माप चालत आलं होतं. तिथं लग्नाच्या नोंदवहीत वधूवरांनी सही केली की फुली मारली, हे मोजत. १८४० च्या सुमारास दर तीन नवऱ्या मुलांतला एक आणि जवळपास निम्म्या नवऱ्या मुली फुली मारत होत्या. आपल्याकडं फुलीच्या जागी अंगठा आला. 'अंगठाबहाद्दर' या शब्दातली थट्टा आजही गेलेली नाही. सहीचं माप बघायचं तर दस्तऐवजाची गरज भागवणारं. पत्राचं माप माणसाची.

स्वातंत्र्यानंतर मापं मोहिमांसोबत बदलली. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली. तिच्यात एकेका माणसाऐवजी सबंध गाव साक्षर करायची कल्पना होती. पुढं १९८८ मध्ये राष्ट्रीय साक्षरता अभियान आलं आणि त्यानं घड्याळ लावलं: मिनिटाला ३० शब्द मोठ्यानं वाचायचे, ७ शब्द पाहून उतरवायचे, ५ शब्द ऐकून लिहायचे, शंभरापर्यंतचे आकडे यायला हवेत. दिवसभर खुरपून आलेल्या बाईनं कंदिलाच्या उजेडात मिनिटाला सात शब्द उतरवायचे, ही कल्पना कार्यालयात बसूनच सुचू शकते. तरी निदान त्यात प्रत्यक्ष करून दाखवणं होतं. अर्थात करून दाखवण्याचं नाटकही होऊ शकतं. साक्षरता अभियानातले कागदी घोडे कसे नाचतात, हे रमेश इंगळे उत्रादकरांच्या 'निशाणी डावा अंगठा' या कादंबरीत ज्यानं वाचलं, तो उद्दिष्टपूर्तीच्या कुठल्याही तक्त्याकडं पुन्हा भाबडेपणानं पाहू शकत नाही.

आकड्यांची गंमत अशी की, माणसं तीच राहून आकडा हलतो. १९८१ ची साक्षरता सगळ्या लोकसंख्येवर, तान्ह्या बाळांसकट काढली तर सुमारे ३६ टक्के येते. सात वर्षांवरच्यांवर काढली तर ४३ च्या पुढं जाते. १९९१ पासून आपण सात वर्षांची अट धरली आणि ती योग्यच होती. १९५१ चे १८ टक्के आणि २०११ चे ७३ टक्के यांच्यामधली चढण खरी आहे. १९५१ मध्ये शंभरातल्या नऊ बायकासुद्धा साक्षर नव्हत्या, हे वाचल्यावर ती खोटी म्हणायची हिंमत कुणी करू नये. पण उंची खरी असली तरी ती मोजणारी पट्टी कुणाच्या हातात होती, हा प्रश्न उरतोच. जनगणनेत ती घरातल्या उत्तर देणाऱ्याच्या हातात असते. बहुतेक घरी तो पुरुष, बहुतेक घरी तोच जास्त शिकलेला. म्हणजे निरक्षराबद्दलचं उत्तर साक्षर देतो. माझ्या तक्त्यातली दोन-तीनशे उत्तरं अशीच आलेली होती. त्या एका दुपारी दारातली बाई आत गेली नाही म्हणून फरक पडला, नाहीतर मीही विचारलं नसतं.

या अडचणीवर उपाय म्हणून कार्ड आलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण १९९२-९३ पासून होतं, मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था त्याचं काम पाहते. त्यात पुढं ज्यांचं शिक्षण ठरावीक इयत्तेपर्यंत झालेलं नाही, त्यांच्या हातात एका साध्या वाक्याचं कार्ड देऊ लागले. पूर्ण वाक्य वाचलं, काही भाग वाचला, अजिबात वाचता आलं नाही, अशा नोंदी. चौथ्या फेरीत सहावी झालेल्याला कार्ड न दाखवताच साक्षर धरलं जाई. पाचव्या फेरीत ती रेषा नववीवर गेली. यावर फारसं कुणी बोललं नाही, पण मला त्यात मोठी कबुली दिसते. सहावी पास म्हणजे वाक्य वाचता येतंच, यावरचा विश्वास आपण सोडला. 'प्रथम' संस्थेचा 'असर' अहवाल २००५ पासून हेच दारोदारी जाऊन मुलांबाबत सांगतो आहे. २०२३ मध्ये १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलामुलींपुढं त्यांनी दुसरीच्या पातळीचा उतारा ठेवला. सुमारे एक चतुर्थांश मुलं आपल्या भाषेतला तो उतारा नीट वाचू शकली नाहीत. शिवाय जलसंजीवनीच्या पुडीवरच्या सूचना वाचून उत्तरं द्यायची होती. पोराला जुलाब लागले असताना किती पाण्यात पूड घालायची हे कळणं, ही १९११ च्या पत्राइतकीच माणसाळलेली कसोटी आहे.

पण कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात साक्षरांची अंतिम बेरीज करताना वाक्याचा काही भाग वाचलेलेही साक्षरांतच धरतात. इथं मी थबकलो. माझ्या वहीवाल्या बाईनं पुस्तिकेतला पहिला शब्द लावला होता. म्हणजे तिच्या दारी जनगणनेची पिशवी गेली तर ती निरक्षर, आणि आरोग्य सर्वेक्षणाचं कार्ड गेलं तर बहुधा साक्षर. बाई तीच, वर्षही तेच धरा. दोन्ही उत्तरं आपापल्या नियमानं खरी. खोटं काही असेल तर मधे काहीच नाही असं सांगणारी ती रेघ.

श्रीमंत देशांनी या रेघेचा नाद सोडला आणि शिडी लावली. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या प्रौढ कौशल्य सर्वेक्षणात पहिल्या पातळीच्याही खालून सुरुवात होते आणि शिडी पाचव्या पातळीपर्यंत जाते. तिथं निरक्षर कुणी नसतो, फक्त कोण कुठल्या पायरीवर आहे ते पाहतात. पण शिडीवरूनही भांडणं होतात. नव्वदच्या दशकातल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय चाचणीत बहुसंख्य फ्रेंच प्रौढ खालच्या पायऱ्यांवर दिसले, तेव्हा फ्रान्सनं आपले निकालच मागे घेतले. १९९९ च्या मोझर अहवालानं ब्रिटनला सांगितलं, की दर पाच प्रौढांतल्या एकाला फोनच्या पिवळ्या पुस्तकाच्या सूचीतून नळ दुरुस्त करणाऱ्याचं पान शोधता येत नाही. शंभर वर्षं सक्तीचं शिक्षण झालेला देश हादरला. तिथलं माप नळाच्या गळतीशी जाऊन टेकलं, हेही गमतीचंच. आपण ज्या गोष्टीत अडतो, त्याच गोष्टीवर दुसऱ्याला तपासतो.

या सगळ्या मापांत एक गोष्ट समान आहे. ती माणसाला एकटं मोजतात. १९९८ मध्ये कौशिक बसू आणि जेम्स फॉस्टर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी या गोष्टीवरच बोट ठेवलं. ज्या घरात एकही साक्षर नाही त्या घरातला निरक्षर, आणि ज्या घरात एक जरी वाचणारा आहे त्या घरातला निरक्षर, या दोघांना एकाच रकान्यात टाकू नका, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्याला औषधाची पुडी वाचून दाखवणारं कुणीतरी हाकेच्या अंतरावर असतं. आपल्याला हे अर्थशास्त्राशिवायही माहीत होतं. पोस्टमनच पत्र वाचून दाखवायचा, शाळेतलं पोर मनीऑर्डरचा फॉर्म भरायचं. निरक्षर प्रतिभेचा विषय निघाला की बहिणाबाईंचं नाव येतंच, पण मला त्या घरातले दुसरे हात आठवतात. जात्यावर उमटलेली ती गाणी मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ यांनी उतरून ठेवली नसती, तर १९५२ चं ते पुस्तक झालंच नसतं. घराला ओठ होते आणि लेखणीही होती, फक्त वेगवेगळ्या माणसांकडं.

मात्र वाचून दाखवणारा घरात असणं म्हणजे सुखच, असंही नव्हे. वाचणारा काय वाचायचं ते निवडतो, काय गाळायचं तेही. माझ्या तक्त्यात त्या घरचा साक्षर नवराच बोलत होता आणि त्याला बायकोच्या वहीतलं काहीच माहीत नव्हतं. गटातल्या इतर दहा जणींच्या दृष्टीनं तीच त्यांची वाचणारी. घरात जी निरक्षर, ती गटात साक्षर. बसू-फॉस्टरांच्या तक्त्यातही तिला कुठं बसवावं, मला ठरवता येत नाही.

मध्यंतरी, ३० मे २०२५ ला, गोवा पूर्ण साक्षर जाहीर झाला. 'उल्लास' या साक्षरता कार्यक्रमाच्या हिशोबात ९५ टक्क्यांच्या पुढं गेलं की पूर्ण. मला त्याचा आनंदच झाला. उरलेल्या पाचांची काळजी मात्र वाटते. कारण पूर्ण म्हटलं की त्यांच्या दारात पुन्हा कार्ड घेऊन कोण जाणार? ग्राम शिक्षण मोहिमेचा अनुभव सांगणारे जुने शिक्षक म्हणायचे, शिकवणं अवघड नाही, पुढच्या वर्षी विचारायला जाणं अवघड.

आता १ मार्च २०२७ ही जनगणनेची तारीख ठरली आहे. माहिती मोबाइलवर भरली जाईल, ज्यांना हवं ते स्वतःच स्वतःची गणना करतील, अशी सोय आहे. स्वगणना हा शब्द छान आहे. पण ज्याला वाचता येत नाही त्याची गणना स्वगणना होणार कशी? फोन हातात असलेला घरातला मुलगा भरभर बोटं फिरवील आणि आईच्या रकान्याशी येऊन थांबेल, किंवा थांबणारही नाही. आई पाणी घेऊन दारात येईल, असं ॲपमध्ये काही नाही. मला वाटतं त्या रकान्यापुढं एवढंच लिहावं: हे उत्तर त्या व्यक्तीनं स्वतः दिलं का?

एक सांगायचं राहिलं. त्या वहीतलं अकरावं नाव तिचं स्वतःचं होतं. वरून वाचत आली तेव्हा ते सगळ्यात शेवटी आलं आणि तिनं ते घाईनं उरकलं. खालून विचारलं तेव्हा तेच पहिलं आलं, आणि तिनं ते पूर्ण वाचलं, आडनावासकट.