बांधावरची भांडणं

हवामानबदलावरच्या माहितीपटांत माणूस बहुधा दोनच अवस्थांत भेटतो: छातीभर पाण्यात उभा राहून रडताना, नाहीतर हसतमुखाने रोप लावताना. एक बिचारा, दुसरा जिद्दीचा पुतळा. यांच्या मधली माणसं, म्हणजे कर्ज काढणारी, बायकोशी वाद घालणारी, मदतीच्या यादीत शेजाऱ्याचं नाव आपल्या आधी कसं आलं म्हणून चिडणारी, संकलनात गळून पडतात. माझ्या मते या विषयावरचे पुन्हा पाहावेसे वाटणारे चित्रपट त्या मधल्या माणसांचेच आहेत.

बांगलादेशचे कामर अहमद सायमन यांचा ‘शुनते की पाओ!’ (२०१२) घ्या. २५ मे २००९ रोजी आयला चक्रीवादळ बंगालच्या किनाऱ्यावर आदळलं. खुलना जिल्ह्यात, सुंदरबनाला लागून असलेल्या सुतारखाली गावाचा बांध फुटला, शेतं खाऱ्या पाण्याखाली गेली आणि लोकांनी उरलेल्या बांधाच्या माथ्यावरच झोपड्या घातल्या. सायमन वादळ दाखवत नाहीत. निवेदन नाही, तज्ज्ञ नाही, तापमानाचा आलेख नाही. एक तरुण जोडपं आणि त्यांचा लहान मुलगा. ती खमकी, पोरांना शिकवते. घर उभं कसं राहील याचा हिशेब तिच्या डोक्यात. त्याचं होतं नव्हतं ते गेलंय, आणि पत गेल्याचं दुःख त्याला जास्त झोंबतं. शेवटाकडे सारा गाव चिखलाची ढेकळं हातोहात देत नवा बांध घालतो.

इथे टाळ्या पडतात. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय माहितीपट महोत्सवात २०१४ साली या चित्रपटाला सुवर्णशंख मिळाला, आणि तो योग्यच होता. पण टाळ्यांच्या भरात एक प्रश्न राहून जातो: हा बांध गावाला हातांनी का घालावा लागला?

हे बांध मुळात १९६०च्या दशकात, पूर्व पाकिस्तानच्या काळात, सरकारने घातले. भरतीचं पाणी अडलं, भात पिकू लागला. पण त्याच पाण्याबरोबर दरवर्षी येणारा गाळही अडला. तो जमिनीऐवजी नदीच्या पात्रात साचू लागला आणि आतली जमीन खचत गेली. सुतारखालीच्या परिसरात ती बाहेरच्या नैसर्गिक जमिनीपेक्षा एक ते दीड मीटरने खाली गेल्याचं नंतरच्या मोजणीत आढळलं. या किनारपट्टीवर कोळंबीच्या खाऱ्या तळ्यांसाठी लोकांनी बांधांना ठिकठिकाणी भोकं पाडली, तो भाग वेगळाच. आयलानंतर फुटलेले बांध बुजवायला इतका उशीर झाला की काही भागांत जवळपास दोन वर्षं भरती-ओहोटी शेतातून येत-जात राहिली. म्हणजे गावकऱ्यांची जिद्द ही खरं तर सरकारी कामाची थकबाकी आहे. ‘हवामानबदल’ हे एकच नाव घेतलं की इंजिनिअर, ठेकेदार आणि कोळंबीवाले सगळे फ्रेमबाहेर सुटतात. समुद्र चढतोय यात शंका नाही, पण जमीन कोणी खाली नेली हेही विचारावं लागतं.

जगाच्या व्यासपीठावर आपल्या देशासाठी लढणाऱ्या नायकाचे चित्रपट मला त्यामानाने पोकळ वाटतात. मालदीवचे तत्कालीन अध्यक्ष मोहम्मद नशीद यांच्यावरचा ‘द आयलंड प्रेसिडेंट’ (२०११) देखणा आहे, कोपनहेगनच्या २००९च्या हवामान परिषदेतली पडद्यामागची ओढाताण त्यात छान टिपली आहे. पण नशीद फेब्रुवारी २०१२ मध्ये पायउतार झाले आणि चित्रपटाचा सगळा भार ज्या खांद्यावर होता तोच सरकला.

केनियाचा शेतकरी किसिलू मुस्या आणि नॉर्वेची दिग्दर्शिका युलिया दार यांचा ‘थँक यू फॉर द रेन’ (२०१७) याच सापळ्यात अडकला असता. किसिलू गावोगाव झाडं लावायला सांगतो, २०१५च्या पॅरिस परिषदेला जातो, हिरमुसून परततो. चित्रपट वाचतो तो कॅमेरा किसिलूच्याच हाती दिल्यामुळे. आपल्याच घराचं चित्रण करताना घरातली कुरबुर झाकता येत नाही. तो जग वाचवायला निघतो तेव्हा शेत आणि मुलं बायकोच्या गळ्यात पडतात, आणि ती ते निमूटपणे सोसत नाही. परिषदेतल्या भाषणांपेक्षा तिची नाराजी मला जास्त पटते.

आपल्याकडे सरवनिक कौर यांचा ‘अगेन्स्ट द टाइड’ (२०२३) आहे. सनडान्स चित्रपट महोत्सवात त्याला ज्युरीचा विशेष पुरस्कार मिळाला. मुंबईचे दोन कोळी मित्र, बोली आपलीच. एक बापजाद्यांच्या पद्धतीने किनाऱ्याजवळ जाळं टाकतो आणि जेमतेम भागवतो. घरात आजारी तान्हं मूल. दुसरा स्कॉटलंडला शिकून आलेला, खोल समुद्रात मोठी बोट नेणारा आणि कर्जात रुतलेला. अरबी समुद्र तापतोय. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या अभ्यासानुसार २००१ ते २०१९ या काळात त्यातल्या चक्रीवादळांची संख्या आधीच्या दोन दशकांच्या तुलनेत ५२ टक्क्यांनी वाढली. चित्रपटात हा आकडा नाही. त्यात रिकामी जाळी आहेत, डिझेलचा खर्च आहे आणि पेल्यांसोबत रंगणारं दोघांचं भांडण आहे.

भांडण एलईडीवरून. रात्री पाण्यावर झगझगीत दिवे सोडले की मासळी खेचली जाते, तिच्यात न वाढलेली पिल्लंही. केंद्र सरकारने २०१७ साली ही पद्धत बेकायदा ठरवली, तरी ती चालूच आहे. मोठ्या बोटीवाल्या मित्राला हप्ते फेडायचे तर तोच मार्ग दिसतो. दुसऱ्याला तो पाप वाटतो, कारण आज पिल्लं उचलली तर उद्या त्याच्या जाळ्यात काय येणार? कोणाचं बरोबर हे कौर सांगत नाहीत. मी बहुतेक वेळ किनाऱ्याजवळ जाळं टाकणाऱ्याच्या बाजूने होतो, पण हप्त्यांचं ओझं दिसू लागलं तसा दिवेवाल्याचा राग करणं मला जमेना. दोघांच्या मैत्रीला तडा जातो तो त्या दिव्यांपायी. चित्रपटात हवामानबदल कुठे आहे असं कोणी विचारलं, तर मी त्या भांडणाकडेच बोट दाखवेन.